एफच्या कळेवरचा सा

अनय, ईरा,

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर दोन साधे प्रश्न विचारलेत आणि मी 'बघू' म्हणून विषय बदलला. कुंदाआजीचा संगणक डोंबिवलीहून माझ्याकडे ठाण्याला आला आहे. तो साफ पुसून तिच्या एखाद्या विद्यार्थिनीला देऊन टाकावा, असं अनयचं म्हणणं. आणि आता जखमा भरणारं कुणी राहिलं नाही, तर आपला रविवारचा संगणकावरचा खेळ इथेच थांबवायचा का, हे ईराचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण संगणक पुसला की तिने मांडून घेतलेल्या कळाही जातील. त्या खेळात ही मांडणी ज्याच्या त्याच्या यंत्रातच साठवलेली असते. तिला न विचारता ते करणं मला जमत नाही. तिच्याशी भांडल्याशिवाय मी आजवर काही ठरवलेलं नाही, आणि आता या वयात सवय कुठे बदलू? म्हणून पुढचं सगळं बोलणं तिच्याशी आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. मराठी वाचायला वेळ लागला तर आई वाचून दाखवेल.

कुंदा,

परवा तुझी खोली आवरायला आले होते. पेटी तुझ्या दोन विद्यार्थिनींनी आधीच नेली. तुझा क्लास त्या दोघी मिळून पुढे चालवणार आहेत. सतरंजी मात्र अंथरलेलीच होती. तिच्यावर चौरंग, चौरंगावर कीबोर्ड, समोरच्या स्टुलावर स्क्रीन, आणि माउस डावीकडे. मी नकळत तो उचलून उजवीकडे ठेवला. मग माझं मलाच लक्षात आलं आणि परत डावीकडे ठेवला. तू असतीस तर तोंडात सुपारी धरून म्हणाली असतीस, "झालं का ताई तुझं सुरू? अजून चपला नाही काढल्यास."

मुलांशी बोलायला विषय उरला नाही, तिथून हे सुरू झालं. आठवतं? जेवलात का, बर्फ पडलं का, अभ्यास कसा चाललाय. एवढं विचारून झालं की दोन्हीकडे शांतता. ती कॅनडातली दोन गोड पोरं स्क्रीनवर आपल्याकडे बघत बसायची आणि आपण त्यांच्याकडे. शेवटी अनयच म्हणाला, "आजी, आपण काहीतरी एकत्र करूया ना. नुसतं एकमेकांना बघून बोअर होतं." आणि त्याने आपल्या दोघींना त्या खेळात ओढलं. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, त्याला नाव द्यायचं, काम निवडायचं आणि सगळ्यांनी मिळून डोंगरदऱ्या, गुहा पालथ्या घालायच्या. चौघं तीन घरांत, पण त्या जगात शेजारी शेजारी उभे. अनयने तलवार घेतली, ईराने धनुष्य. मी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं ठरलं, कारण ईराच्या मते राक्षसाला दटावायला माझ्यापेक्षा योग्य कुणी नव्हतं. आणि तू मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरायच्या. तुझ्या बाईचं नाव तू 'पेटीवाली' ठेवलंस. मी म्हटलं, जरा बरं नाव ठेव. तू म्हणालीस, "याच्यापेक्षा बरं काय असतं?"

कळा लावून द्यायचं काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. इथे ठाण्यात खोपटला मी इतकी वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला. आधी यंत्रं होती, मग संगणक आले, पण बोटं तीच आणि शिस्तही तीच. शिवाय त्या खेळातलं सगळं इंग्रजीत. तेव्हा मी डोंबिवलीला आले, तुझ्या सतरंजीवर कशीबशी बसले आणि जगात सगळे करतात तसं लावून दिलं. डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, त्यांनी चालायचं. उजव्या हातात माउस, त्याने इकडेतिकडे बघायचं. औषधं आकड्यांच्या कळांवर.

तुझी पेटीवाली दोन पावलं चालली आणि भिंतीला तोंड लावून उभी राहिली. तिला मागे आणायला गेलीस तर ती तिथेच उड्या मारायला लागली.

"कुंदाआजी रुसली!" ईरा ओरडली.

"रुसत नाहीये ग, मला वळताच येत नाहीये."

तासभर तू प्रयत्न केलास. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून मला शांतपणे म्हणालीस, "हे उलटं आहे ताई. माझ्या डाव्या हाताला एकेक बोट वेगळं उचलायची सवय नाही. त्याने जन्मभर भाता मारलाय. आणि उजव्याला ढकलाढकली येत नाही. तो फिरतो."

मी म्हटलं, "सवय होईल. सगळ्यांना होते."

"सगळ्यांनी पेटी वाजवलीये का?"

तू माउस उचलून डावीकडे ठेवलास आणि कीबोर्ड उजव्या हाताखाली ओढलास. झालं, भांडण तिथे सुरू झालं, आणि खरं सांगू, ते संपलेलं नाही. माझं अजून म्हणणं आहे की पंधरा दिवस नेटाने केलं असतंस तर तुला सरळ पद्धत आली असती. उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून मी ते मागे घेणार नाही.

पण तुझ्या पद्धतीने बसवायचं ठरल्यावर मी ते नीटच बसवलं, हे तू कबूल कर. माउसची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की माणूस पुढे चालतो, ही सोय मीच शोधून काढली. त्यामुळे चालणं, वळणं, बघणं, सगळं डाव्या हाताकडे गेलं आणि उजवा मोकळा झाला. तेव्हा कुणालाच सुचली नव्हती अशी अडचण पुढच्या रविवारी आली. माउस डाव्या हातात आल्याबरोबर तो हात भाता मारायला लागला. पुढे-मागे, पुढे-मागे, संथ लयीत. तुझ्या समोरचं अख्खं जग झोपाळ्यासारखं हलत होतं. तुझा स्क्रीन मुलांना दिसत होता.

"कुंदाआजी, प्लीज, मला उलटी होईल!" ईरा म्हणाली.

"काय झालं? मला तर बरं वाटतंय."

"आजी, तिची सेन्सिटिव्हिटी कमी कर!" अनय मला म्हणाला, आणि मी तुला म्हटलं की ते मला लहानपणापासून जमलेलं नाही. सगळ्यात जास्त तूच हसलीस. मी माउसचा वेग इतका कमी केला की हात वीतभर हलला तरी जग बोटभर हलेल. तुझा भाता तू शेवटपर्यंत थांबवला नाहीस. फक्त तो आम्हाला दिसेनासा झाला.

मग राहिली औषधं. कुठलं कुठल्या कळेवर? मी तुला सांगत होते की एफ आणि जे या दोन कळांवर बारीकसा उंचवटा असतो. वर्गात संगणक आल्यापासून पहिल्या दिवशी मी मुलींना डोळे मिटून तो शोधायला लावायचे. बोट तिथे टेकलं की हात घरी आला. मग कुठेही जा, परत यायचं ठिकाण ठरलेलं. तुझं बोट मी एफवर नेऊन टेकवलं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "म्हणजे हा सा."

एफ, जी, एच, जे, के, एल आणि त्यापुढची अर्धविरामाची कळ. मोजल्या तर बरोबर सात. सा रे ग म प ध नी. मी त्या कळांवर उभा जन्म घालवला आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. वरच्या ओळीतल्या कळा मधल्या मधल्या जागी येतात, त्या तुझ्या काळ्या पट्ट्या झाल्या. मग तू सांगत गेलीस आणि मी बसवत गेले. साधा उपचार 'सा'वर, कारण पुन्हा पुन्हा तिथेच यायचं. सगळ्या गटावर एकदम फुंकर 'प'वर. विष उतरवणं कोमल रिषभावर, "ते सकाळीच करायचं असतं," असं तुझं काहीतरी शास्त्र. आणि पडलेल्याला उठवणं तीव्र मध्यमावर, म्हणजे आयच्या कळेवर. खेळ मधून मधून इंग्रजीत विचारायचा की ही कळ आधीच दुसऱ्या कामाला दिलेली आहे, तरी बदलायची का. मी तुला मराठीत सांगायचे आणि तू म्हणायचीस, "कळेला काय विचारायचंय? बदल." मला असं कुठलंच काम इकडचं तिकडे केलेलं सोसत नाही. पण मी बदलत गेले. उठवायची कळ स्वतःवर चालते का, हे तू लगेच तपासून पाहिलंस. चालत नाही. "बरंय," म्हणालीस, "तेवढं काम तुमच्याकडे."

मला मजा वाटायची ती तुझ्या मोजण्याची. एकदा उपचार केला की तो पुन्हा वापरायला थोडं थांबावं लागतं. मुलं त्यांच्या वारांच्या कळांवर बोटं आपटत राहायची. तू केरवा मोजायचीस, आठ मात्रा, तोंडाने. माइक चालू असायचा आणि तुझं 'धा गे ना ति' सगळ्यांच्या कानात. अनय ओरडायचा, "कुंदाआजी, हील! मी मरतोय!"

"मर नको रे. समेवर येते."

आणि यायचीस. बरोबर समेवर. त्याच्या अंगात एक थेंब रक्त उरलेलं असायचं आणि तो परत उभा. बाहेरची अनोळखी पोरं आपल्या गटात आली की विचारायची, ही कोण आहे, हिचा नेम चुकत कसा नाही. अनय त्यांना काय सांगायचा माहीत आहे? 'ती आमच्याकडची म्युझिशियन आहे.' हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू फुगली असतीस.

मग तो रविवार. खेळाची नवी आवृत्ती आली आणि तिने सगळ्यांच्या कळा पुसून पहिल्यासारख्या करून टाकल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपण एका मोठ्या गुहेत शिरलो, समोर तो सात डोक्यांचा राक्षस. मी ढाल धरली, तू 'सा' दाबलास आणि पेटीवालीने उपचाराऐवजी समोरच्या दगडाशी बोलायला सुरुवात केली. 'ग' दाबलास तर कसलीशी मदतीची पाटी उघडली. तू आणखी जोरात दाबलंस. आय दाबलंस तर पिशवी उघडली. ईरा पडली, अनय पडला, मी पडले आणि तू सगळ्यांच्या मध्ये उघडी पिशवी घेऊन उभी.

"पेटी बंद पडली," तू म्हणालीस. एवढंच. पण तुझा आवाज मी ओळखते. तू घाबरली होतीस.

मुलं हसत होती. मी तुला वेगळा फोन लावला आणि म्हटलं, "बघ, आयती पाटी कोरी झाली आहे. आता तरी सगळ्यांसारखं लावून घे."

"ताई, तू मला परत बसवून देणार आहेस की नाही?"

"पुढच्या वेळी पुन्हा पुसलं गेलं तर?"

"तर परत बसव. तुला काय दुसरं काम आहे?"

मी ठाण्यात, तू डोंबिवलीत, फोन कानाला. एकेक कळ मी सांगायची, तू दाबायची. 'स्ट्रेफ' म्हणजे काय, तू विचारलंस. मी म्हटलं, अंग न वळवता बाजूला सरकणं. "म्हणजे खेकडा. तो कोमल गंधारावर टाक." पोळ्या राहिल्या, दुपारचं जेवण चारला झालं. त्या दुपारी आपण जितकं बोललो तितकं त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोललो नसू. सगळं 'वरच्या ओळीत जा', 'आता एंटर' असलंच. पण बोललो.

त्याच दुपारी तू एक वाक्य बोलून गेलीस. मी पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवत होते आणि तू म्हणालीस, "तुला इंग्रजी दिलं, मला पेटी दिली. वाटणी बरी झाली." टेंभी नाक्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तुला कोपऱ्यावरच्या मराठी शाळेत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. नवरात्रात खाली एवढा गलका असायचा की वर आपण दोघी मनसोक्त सराव करायचो. मी टेबलावर टाइपरायटरच्या कळांवर फडकं टाकून, तू जमिनीवर पेटी घेऊन. आई म्हणायची, "दोघींचं मिळून एक गाणं तरी होऊ दे." ते झालं नाही. तुझं ते वाक्य खरं होतं की टोमणा होता, मी विचारणार होते. मी "आता एच दाब" म्हटलं आणि तू दाबलंस. कुंदा, मला ती वाटणी बरी झाली असं वाटत नाही. पण तू त्या पेटीतून जे काढलंस ते मला कुठल्याही भाषेत काढता आलं नसतं. हे समोर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "चहा टाकू का?"

आता नी.

'नी'वर तू गावात परतायचा मंत्र ठेवला होतास. दाबला की कुठेही असलं तरी माणूस क्षणात आपल्या गावच्या चौकात. ही चूक फक्त तूच करू जाणे. चांगली लढाई रंगात आली की तुझा हात चढत जायचा, 'ध'वरून 'नी'वर घसरायचा आणि आम्ही मागे वळून बघावं तर तू नाहीस.

"कुंदाआजी गेली परत!" ईरा कपाळावर हात मारायची.

"अगं नी लागला ग चुकून. आलेच चालत."

शेवटी तूच तो मंत्र 'नी'वरून काढून टाकलास. कुणाची मदत न घेता, पहिल्यांदाच. मला फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलंस. मी विचारलं, मग तिथे काय टाकलंस?

"रिकामी ठेवलीये सध्या."

"रिकामी कशाला? चांगली जागा आहे."

"एखादा स्वर वर्ज्य असला म्हणून राग अपुरा नसतो. आणि मला तिथे काय हवंय ते माहीत आहे. तू ये रविवारी, मग सांगते. फोनवर नाही."

गुरुवारी दुपारी तू जेवून पडलीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. क्लासच्या मुली पाच वाजता आल्या तेव्हा कळलं. मी रविवारी आले खरी, पण ते दुसऱ्याच कामाला.

त्यानंतर मी रोज विचार करते. काय हवं होतं तुला त्या कळेवर? मी खेळातली सगळी यादी वाचली. नमस्कार करायची एक खूण आहे, नाचायची एक आहे. एक मोठं औषध आहे, आणखी वरच्या पायरीवर मिळणारं, ते असेल. बसून विश्रांती घ्यायची आहे. प्रत्येकासाठी मला कारण सापडतं आणि एकही तुझं वाटत नाही. तू मला ओळखतेस, रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. अनय म्हणतो, "आजी, टाक ना तिथे काहीतरी, तिला काय कळणार आहे." बरोबर आहे त्याचं. तुला काही कळणार नाही. मला कळेल.

तर मी काय ठरवलं ते तुला सांगते, म्हणजे मुलांनाही कळेल. संगणक पुसायचा नाही. तुझ्या विद्यार्थिनीला माझा देईन, तो नवीनच आहे आणि त्यात सगळं जगासारखं लावलेलं आहे. तुझा माझ्याकडे राहील. सतरंजीवर माझे गुडघे बसू देत नाहीत, म्हणून टेबलावर ठेवलाय. माउस डावीकडे आहे. ढाल ईरा धरेल, तिला दटावता येतं हे तुझ्या 'नी'च्या वेळी सिद्ध झालंय. आणि पेटीवालीच्या मागे मी बसेन.

काल एकटीनेच तासभर बसून पाहिलं. माझ्या डाव्या हाताला भाता येत नाही. मी माउस ढकलते आणि माझं जग जागचं हलत नाही, इतका तुझा वेग कमी केलेला आहे. तो वाढवावा असं मनात आलं, मग हातच मोठा हलवायला शिकले. उजवा हात टायपिंगला जातो तसा सरळ आपल्या खोबणीत पडतो, 'जे'वर. म्हणजे तुझ्या मध्यमावर. तिथून मी त्याला डावीकडे सरकवत एफवर आणते. अंगठ्याने नाही, तर्जनीने, तू दाखवलं होतंस तसं. उंचवटा बोटाला लागतो. डोळे मिटून लागतो. मग मी 'सा' दाबला आणि पेटीवालीने हात वर करून समोर काहीही जखम नसताना उपचार केला. आठ मात्रा मोजल्या. मला 'धा गे ना ति' नीट म्हणता येत नाही, मी एक ते आठ म्हटलं. परत दाबला.

सरळ पद्धत चांगली, हे माझं मत कायम आहे. मला त्या पद्धतीने दुप्पट चांगलं जमलं असतं. पण ती पद्धत सगळ्यांकडे आहे, आणि ही एकाच यंत्रात आहे.

तर अनय, ईरा, येत्या रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला या. मोठ्या गुहेत लगेच जाऊ नका. तुम्ही बरेचदा मराल. अनयने 'हील, हील' असं ओरडू नये, मी मोजत असेन. आणि पुन्हा कधी नवी आवृत्ती आली आणि कळा पुसल्या गेल्या तर काळजी करू नका, त्या मला पाठ आहेत. तुम्हालाही सांगून ठेवते.

साधा उपचार एफवर आहे. गटावरची फुंकर 'के'वर. विष उतरवायची कळ टी, खेकडा वायवर, पडलेल्याला उठवायची आय. माउस डाव्या हाताला आहे. अर्धविरामाच्या कळेवर काही नाही.